एका तारखेवर चाळीस नोंदी: दिनविशेष निवडायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संस्थेच्या रोजच्या वार्तापत्रात ‘दिनविशेष’ लिहिण्याचे काम प्रश्नकर्त्याकडे नुकतेच आले आहे आणि जागा जेमतेम दीडशे शब्दांची आहे. कोणतीही तारीख शोधली की जन्म, मृत्यू, लढाया, शोध आणि कसले कसले मजेशीर ‘जागतिक दिन’ मिळून चाळीस-पन्नास नोंदी हाती येतात. त्यांतल्या काही नोंदी दोन याद्यांत दोन वेगळ्या तारखांना सापडतात. तेव्हा निवडायचे काय, गमतीच्या दिवसांना जागा द्यायची की नाही, आणि पुढच्या वर्षी तेच ते परत छापायचे का, असे त्यांनी विचारले आहे. हे सदर मी बरीच वर्षे लिहीत आणि इतरांचे तपासत आलो आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

माझ्या मते अडचण निवडीच्या आधीच सुरू होते. यादीत सगळ्या नोंदी एकाखाली एक, एकाच ठशात येतात आणि त्यामुळे त्या एकाच जातीच्या वाटतात. प्रत्यक्षात त्या तीन निरनिराळ्या वाटांनी त्या तारखेपर्यंत आलेल्या असतात. काही गोष्टी त्या दिवशी खरोखर घडलेल्या असतात. काही माणसे त्या दिवशी जन्मल्याचे किंवा वारल्याचे कुठल्या तरी दप्तरात नोंदलेले असते. आणि काही दिवस कुणी तरी ठरवलेले असतात, कधी पुष्कळ विचार करून, तर कधी केवळ लहर म्हणून. या तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या रीतीने करावी लागते. म्हणून कोणतीही नोंद समोर आली की मी तिला आधी एकच प्रश्न विचारतो: हीच तारीख का? याचे उत्तर एका वाक्यात देता आले तर ती नोंद पुढे जाते, नाही तर ती कितीही आकर्षक असली तरी बाजूला राहते.

उदाहरणासाठी १४ मार्च घेऊ, कारण या तारखेवर गर्दी मोठी आहे. १८७९ साली या दिवशी उल्म येथे अल्बर्ट आइन्स्टाइन जन्मले, १८८३ साली लंडनमध्ये कार्ल मार्क्स वारले आणि २०१८ साली केंब्रिजमध्ये स्टीफन हॉकिंग यांचे निधन झाले. मंगळावरच्या रेघांमुळे गाजलेले इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेली यांचा जन्म १८३५ मधला, तर चंद्राच्या पृष्ठभागावरून सर्वांत शेवटी निघालेले अंतराळवीर यूजीन सर्नन यांचा १९३४ मधला. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. २००१ साली कोलकात्याच्या कसोटीत लक्ष्मण आणि द्रविड यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध अख्खा दिवस एकही गडी न गमावता खेळून काढला. सुरेश भट २००३ मध्ये आणि विंदा करंदीकर २०१० मध्ये याच तारखेला गेले. शिवाय पाई दिन आहे, आंतरराष्ट्रीय गणित दिन आहे आणि एखाद्या वर्षी जागतिक किडनी दिनही येऊन बसतो. ही एवढी सामग्री दीडशे शब्दांत कोंबली, तर वाचकाला एकही गोष्ट आठवणार नाही.

आता यांतल्या पाई दिनाला ‘हीच तारीख का’ असे विचारून पाहा. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ लॅरी शॉ यांनी १९८८ मध्ये तो सुरू केला. महिना आधी आणि दिवस नंतर लिहिण्याच्या अमेरिकी पद्धतीत ही तारीख ३/१४ अशी दिसते, म्हणून तो या दिवशी. आपण दिवस आधी लिहितो, त्यामुळे आपल्या वाचकाला हे कारण सांगितल्याशिवाय त्या दिनातली गंमत कळतच नाही. आणि आपल्या पद्धतीला साजेसा पाईचा दुसरा दिवस, म्हणजे २२/७ या अपूर्णांकावरून आलेला २२ जुलै, हाताशी असूनही राहून जातो. पुढे युनेस्कोने २०१९ मध्ये १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला आणि तो प्रथम २०२० मध्ये पाळला गेला. ज्याला निव्वळ गमतीचा दिवस म्हणून खोडणार होता, त्याला अशी वंशावळ निघते. तीन वाक्यांत ती सांगितली की तो दिवस आइन्स्टाइन यांच्या जयंतीशेजारी सन्मानाने बसतो.

ठरवलेल्या दिवसांबाबत माझा नियम असा की तो कुणी ठरवला हे नोंदीतच यावे. संयुक्त राष्ट्रांचे दिवस सहसा सदस्य देशांच्या प्रस्तावातून आणि आमसभेच्या ठरावातून येतात. त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे, परंतु प्रत्येकाच्या तारखेमागे बहुधा काही तरी धागा असतो. ५ जून हा पर्यावरण दिन आहे, कारण १९७२ मधली स्टॉकहोमची परिषद त्या दिवशी सुरू झाली होती. १९ नोव्हेंबरचा शौचालय दिन ऐकून हसू येते. पण सिंगापूरमध्ये २००१ साली स्थापन झालेल्या एका संस्थेचा तो स्थापनादिन असून संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. ‘राष्ट्रीय’ या विशेषणाकडे मात्र संशयाने पाहावे. परदेशी याद्यांतले बहुतेक ‘राष्ट्रीय दिन’ अमेरिकेतले असतात आणि त्यांपैकी पुष्कळांना तिथल्या सरकारचीही मान्यता नसते; एखादी कंपनी, एखादा संघ किंवा एखादा उत्साही माणूस दिवस जाहीर करून मोकळा होतो. डॉक्टर दिन भारतात १ जुलैला असतो, कारण डॉ. बिधानचंद्र रॉय यांचा जन्म १८८२ मध्ये आणि मृत्यू १९६२ मध्ये त्याच तारखेला झाला; अमेरिकेत तो ३० मार्चला असतो. परकी यादी जशीच्या तशी उचलली की अशा ठिकाणी हसे होते.

मजेशीर दिवसांना जागा द्यावी, असे माझे मत आहे. पण शेजार पाहून. १९ सप्टेंबरला ‘चाच्यांसारखे बोलण्याचा दिवस’ पाळला जातो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातील जॉन बॉर आणि मार्क समर्स या दोन मित्रांना १९९५ साली खेळता खेळता ही कल्पना सुचली, तो दिवस ६ जूनचा होता. परंतु ६ जून म्हणजे १९४४ मध्ये दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले तो दिवस. त्या स्मृतीवर आपला पोरखेळ नको म्हणून त्यांनी वेगळी तारीख शोधली आणि समर्स यांनी आपल्या पूर्वपत्नीचा वाढदिवस निवडला, कारण ती तारीख त्यांच्या लक्षात राहणारी होती. पुढे २००२ मध्ये डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिले आणि तो जगभर पसरला. थट्टेचा दिवस काढणाऱ्यांना जो पोच होता, तो सदर लिहिणाऱ्याला असायलाच हवा. १३ एप्रिलला स्क्रॅबल या शब्दखेळाचा दिवस असतो, कारण त्या खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स १८९९ मध्ये त्या दिवशी जन्मले. पण १९१९ मधले जालियनवाला बागेतले हत्याकांडही त्याच तारखेचे. अशा दिवशी मी स्क्रॅबल सरळ गाळतो. दोन्ही छापून मध्ये रेघ मारल्याने काही साधत नाही.

सरकत्या दिवसांचा मुद्दा छोटा आहे, पण चुका तिथेच फार होतात. जागतिक किडनी दिन मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, म्हणजे तो ८ ते १४ मार्च यांपैकी कोणत्याही तारखेला येतो. २०२४ मध्ये तो १४ मार्चला होता, म्हणून त्या वर्षी तयार झालेल्या याद्यांतून तो कायमचा १४ मार्चला चिकटतो. मातृदिन, पितृदिन, तत्त्वज्ञान दिन हे सगळे याच प्रकारातले. प्रोग्रामर दिन तर वर्षाच्या २५६ व्या दिवशी असतो, म्हणजे एरवी १३ सप्टेंबरला आणि लीप वर्षात १२ सप्टेंबरला. अशा दिवसांसाठी वेगळी वही ठेवा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच त्या वर्षाच्या तारखा काढून ठेवा.

घडलेल्या घटनांकडे वळू. इथे तारीख चुकण्यापेक्षा क्रियापद चुकण्याचा धोका मोठा असतो. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारली गेली आणि २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अंमलात आली. दोन्ही तारखा बरोबर आहेत, फक्त ‘राज्यघटना झाली’ असे मोघम वाक्य दोन्हीकडे चुकीचे ठरते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ रोजी संमत झाला, जाहीरनाम्याचा मसुदा ४ जुलैला स्वीकारला गेला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. टायटॅनिक १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळले आणि १५ एप्रिलच्या पहाटे बुडाले. दोन याद्यांत दोन तारखा दिसल्या की त्यांतली एक चूक असेलच असे धरू नका. आधी दोन्हीकडची क्रियापदे तपासा.

घड्याळही तारीख बदलते. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवले तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० जुलै १९६९ च्या रात्रीचे १० वाजून ५६ मिनिटे झाली होती. भारतात त्या क्षणी २१ जुलैची सकाळ होती आणि साडेआठ वाजायला चार मिनिटे बाकी होती. पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईमध्ये ७ डिसेंबरचा आणि जपानमध्ये ८ डिसेंबरचा. मी घटनास्थळाची तारीख पाळतो आणि चंद्रासारख्या जागी रूढ तारीख देऊन वेळेचा उल्लेख करतो. जुन्या वृत्तपत्रांतून तारीख काढताना एक सावधगिरी बाळगावी: वृत्तपत्रावरची तारीख बातमी छापल्याची असते, घटना बहुधा आदल्या दिवसाची असते. एका दिवसाने सरकलेल्या पुष्कळशा नोंदींचे मूळ इथे सापडते.

मग येते पंचांगबदलाचे प्रकरण. पोप ग्रेगरी तेरावे यांच्या सुधारणेनुसार १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर धरला गेला, पण तो फक्त स्पेन, पोर्तुगाल, इटलीतला बराचसा भाग अशा कॅथलिक प्रदेशांत. ब्रिटनने हा बदल १७५२ मध्ये केला, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. रशियाने तर १९१८ पर्यंत वाट पाहिली, म्हणूनच तिथली ‘ऑक्टोबर क्रांती’ आपल्या कॅलेंडरवर ७ नोव्हेंबरला दिसते. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशी वारले, हे वाक्य जागतिक पुस्तक दिनाला हटकून वाचायला मिळते. इंग्लंड जुन्या गणनेवर होते आणि स्पेन नव्या, त्यामुळे कागदावर तारीख सारखी असली तरी त्या दोन दिवसांत दहा दिवसांचे अंतर होते. शिवाय सर्व्हांटिस यांचा मृत्यू २२ तारखेला आणि दफन २३ तारखेला झाले, असे आता मानले जाते. गॅलिलिओ गेले त्याच वर्षी न्यूटन जन्मले, हेही असेच. गॅलिलिओ यांचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, नव्या गणनेचा. न्यूटन यांचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, जुन्या गणनेचा, म्हणजे नव्या गणनेने ४ जानेवारी १६४३ चा. उलट हॉकिंग ८ जानेवारी १९४२ रोजी, गॅलिलिओ यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशे वर्षांनी जन्मले, हा योगायोग खरा टिकतो, कारण दोन्ही तारखा एकाच गणनेतल्या आहेत. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या गणनेची आहे. समारंभाला हजर असलेले हेन्री ऑक्झिंडेन ज्या इंग्रजांचे वकील होते, ते तेव्हा जुनेच कॅलेंडर वापरत. नव्या गणनेने तो दिवस १६ जून येतो. रूढ तारीख बदलण्याच्या फंदात मी पडत नाही. पण दोन तारखांची तुलना करायची असेल किंवा वार काढायचा असेल, तर आधी दोन्ही एका गणनेत आणतो.

जन्मतारखा सर्वांत कमी भरवशाच्या असतात, हे ऐकून नवख्यांना आश्चर्य वाटते. जन्माच्या क्षणी नोंद क्वचितच होते. बाप्तिस्म्याची, शाळाप्रवेशाची, नोकरीची नोंद नंतर होते आणि आपण तिच्यावरून मागे जातो. बेथोव्हेन यांची बाप्तिस्म्याची तारीख १७ डिसेंबर १७७० पक्की आहे, १६ डिसेंबरचा जन्म हे त्यावरून केलेले अनुमान आहे. अमेरिकी जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग हे आपला जन्म ४ जुलै १९०० चा, असे आयुष्यभर सांगत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर सापडलेल्या चर्चच्या नोंदीत तो ४ ऑगस्ट १९०१ निघाला. म्हणून नोंद अनुमानावर उभी असेल तर ‘मानले जाते’ एवढे दोन शब्द खर्च करावेत. हयात व्यक्तींबाबत तर मजकूर छापायला जाण्याच्या दिवशी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी, कारण महिनाभर आधी लिहिलेल्या ‘वाढदिवसा’ची मध्येच ‘जयंती’ झालेली असू शकते.

तपासणीत मी आणखी दोन साध्या गोष्टी पाहतो. देवनागरी १ आणि ९ हे अंक घाईत एकमेकांच्या जागी वाचले जातात, त्यामुळे १८१९ आणि १८९१ यांची अदलाबदल हाताने उतरवलेल्या जुन्या टिपणांत नेहमी भेटते. व्यक्तीचे वय हिशेबात बसते का, हे पाहिले की ती लगेच उघडी पडते. दुसरे म्हणजे दिवस आणि महिना दोन्ही बारा किंवा त्याहून कमी असतील, तर ५ जूनचा ६ मे होऊ शकतो. वर्षातल्या १३२ तारखांना हा धोका आहे. आणि दहा याद्यांत तीच तारीख आहे, हा काही पुरावा होत नाही, कारण त्या दहाही एकाच मूळ यादीवरून उतरवलेल्या असतात. संबंधित संस्थेचे स्वतःचे प्रकाशन, चांगला चरित्रकोश किंवा त्या काळचे वृत्तपत्र, यांपैकी दोन स्वतंत्र ठिकाणी मेळ बसला की मी थांबतो.

योगायोगांविषयीही लिहायला हवे, कारण एका तारखेवरच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्यांच्यात गूढ नाते शोधण्याचा मोह होतो. कोणत्याही २३ जणांच्या घोळक्यात दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मात्र आपल्याच ठरावीक तारखेला जन्मलेला कुणी सापडण्याची तेवढीच शक्यता हवी असेल, तर २५३ माणसे लागतात. आणि इतिहासातली प्रसिद्ध माणसे हजारोंनी आहेत. डार्विन आणि लिंकन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ चे, ही गोष्ट छापण्याजोगी आहेच. त्यातून काही सिद्ध होते असा सूर मात्र लावू नये. जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन हे अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वर्षदिनी वारले, ही घटना योगायोग असूनही दखलपात्र आहे, कारण त्या तारखेशी दोघांचेही आयुष्य बांधलेले होते.

प्रत्यक्ष निवड वाचकांवर अवलंबून आहे, आणि ती बाब मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. शाळेसाठी लिहीत असाल तर गणित दिन आणि आइन्स्टाइन पुढे येतील, साहित्यिक संस्थेसाठी विंदा आणि सुरेश भट, क्रीडा मंडळासाठी कोलकात्याची ती भागीदारी. माझी मांडणी सहसा अशी असते: एक मुख्य नोंद साठ-सत्तर शब्दांची, तीत तारखेमागचे कारण आणि एखादा ठोस तपशील, मग तीन-चार एकओळी नोंदी, निरनिराळ्या क्षेत्रांतल्या. सगळेच मृत्यू किंवा सगळ्याच लढाया असे होऊ देत नाही. मुख्य नोंद प्रसिद्धीवरून ठरवत नाही. जिच्याविषयी वाचकाला नवे काही सांगता येईल ती घेतो. मार्क्स यांचे नाव मोठे असले तरी सत्तर शब्दांत त्यांच्याविषयी नवे सांगणे कठीण. ‘आलम आरा’ची आज एकही प्रत शिल्लक नाही, हे एक वाक्य मात्र वाचकाला थांबवते.

पुढच्या वर्षी पुन्हा तीच तारीख येते तेव्हा मुख्य नोंद बदला आणि एकओळींतल्या निम्म्या नोंदी राहू द्या. वर्षभराने वाचक फारसे आठवून तक्रार करीत नाहीत. २९ फेब्रुवारीच्या नोंदी चार वर्षे पडून राहतात, म्हणून मोरारजी देसाई (१८९६) आणि रुक्मिणीदेवी अरुंडेल (१९०४) यांच्यासारख्यांची जयंती एरवी २८ तारखेला घ्यायची की १ मार्चला, हे एकदा ठरवून तसेच पाळावे. १९०० हे लीप वर्ष नव्हते, त्यामुळे मोरारजींना पहिला खरा वाढदिवस आठव्या वर्षी मिळाला, हा तपशील त्या नोंदीत खुलून दिसतो. शतकी आणि अर्धशतकी वर्षे आधीच टिपून ठेवा आणि मोजताना ‘शताब्दी वर्ष सुरू’ व ‘शंभर वर्षे पूर्ण’ यांत गल्लत होऊ देऊ नका: १४ मार्चचेच पाहायचे तर आइन्स्टाइन यांच्या जन्माला १५० वर्षे २०२९ मध्ये पूर्ण होतील आणि ‘आलम आरा’ला १०० वर्षे २०३१ मध्ये, म्हणजे त्या दोन वर्षांच्या मुख्य नोंदी आजच ठरल्या.